ड्यूपाँ दोन्ही खेळला, पण काय काय सोडून?

आंत्वान ड्यूपाँचं नाव घेतल्याशिवाय हल्ली रग्बीच्या गप्पाच होत नाहीत, निदान आमच्या ठाण्यातल्या पोरांमधे तरी. फ्रान्सचा कॅप्टन, जगातला सगळ्यात भारी स्क्रम-हाफ (म्हणजे गर्दीतून बॉल काढून पास देणारा नऊ नंबर), त्यानं पंधरा जणांचा खेळ थोडा बाजूला ठेवला, सात जणांचा खेळला, पॅरिसला ऑलिंपिक गोल्ड घेतलं आणि परत येऊन पंधराच्या टीमची कॅप्टनशिप हातात घेतली. यावरून पोरांनी सरळ हिशेब केलाय की दम असेल तर दोन्ही जमतं. मी या पोरांचं फिटनेसचं बघतो, म्हणजे वजनं, पळणं, दुखापत झाली की परत मैदानावर आणणं वगैरे, आणि मला हा हिशेब अर्धवट वाटतो, कारण ड्यूपाँनं काय केलं ते सगळे सांगतात आणि त्यासाठी काय सोडलं ते कोणी सांगत नाही. म्हणून ते वर्ष तारीखवार मांडलंय. शेवटी आमच्याकडच्या एका पोराचंही आहे, कारण हे सगळं खणायला त्याच्या बाबांच्या एका प्रश्नानं लावलं.

आधी दोन खेळ

ज्यांना रग्बी म्हणजे अंडाकृती बॉल आणि धक्काबुक्की एवढंच माहितीये त्यांच्यासाठी थोडक्यात. फिफ्टीन्समधे एका बाजूला १५ जण आणि ४०-४० मिनिटांचे दोन हाफ. सेव्हन्समधे ७ जण आणि ७-७ मिनिटं. मैदान मात्र तेवढंच, १०० मीटर लांब आणि ७० मीटरपर्यंत रुंद. संध्याकाळी सातचा घोडबंदर रोड आणि पहाटे तीनचा घोडबंदर रोड, रस्ता एकच पण गाडी चालवायची पद्धत पूर्ण वेगळी, तसं आहे हे. फिफ्टीन्समधे फट शोधायची आणि त्यात घुसायचं, सेव्हन्समधे फट समोर पडलेलीच असते, प्रश्न एवढाच की तिथपर्यंत पाचव्यांदा, सहाव्यांदा, दहाव्यांदा त्याच वेगात पळून पोचतो कोण.

नियमही बदलतात. स्क्रममधे (दोन्हीकडचे गडी खांदे भिडवून रेटतात ते) आठाच्या जागी तीन जण, कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतरची जादा पॉइंटची किक, ड्रॉप-किकनं (बॉल जमिनीवर टाकून उसळताच मारायचा), यलो कार्ड मिळालं की दहाऐवजी दोन मिनिटं बाहेर (पण चौदा मिनिटांच्या मॅचमधे दोन मिनिटं सहा जणांनी काढायची म्हणजे आख्खा सामना हातचा जाऊ शकतो). आणि ज्यावर नव्या पोरांचं कधीच लक्ष नसतं तो किक-ऑफ. फिफ्टीन्समधे ज्याच्यावर ट्राय होतो (म्हणजे समोरचा येऊन त्याच्या गोल-लाइनपलीकडे बॉल टेकवतो) तो किक-ऑफ मारतो, सेव्हन्समधे ज्यानं ट्राय मारला तोच मारतो. म्हणजे पॉइंट घ्यायचे आणि वर बॉलही समोरच्याच्या दिशेनं उडवून द्यायचा. मग तो हवेतला बॉल उडी मारून परत मिळवणारा एखादा उंच गडी टीममधे असेल तर तो सोन्याच्या भावाचा, कारण तो असला की समोरच्या टीमला चार-चार मिनिटं बॉलला हातच लागत नाही.

सेव्हन्सचा जन्म स्कॉटलंडमधल्या मेलरोज गावचा, १८८३ चा. नेड हेग नावाच्या तिथल्या खाटकानं क्लबसाठी पैसे उभे करायला ही आयडिया काढली असं सांगतात. गंमत म्हणजे आज क्रीडा जगतातला मोठा पैसा फिफ्टीन्सकडे आहे, फ्रान्सच्या टॉप १४ सारख्या लीगमधे, आणि सेव्हन्सकडे आहे ऑलिंपिक, तेही २०१६ पासून. प्रोफेशनल खेळाडूच्या करिअरमधली ओढाताण इथूनच सुरू होते.

शरीराचं सांगायचं तर सेव्हन्समधे दर मिनिटाला पळायचं अंतर फिफ्टीन्सच्या साधारण दीडपट असतं, आणि तासाच्या हिशेबानं दुखापतीही सेव्हन्समधेच जास्त होतात, गुडघा आणि घोटा आधी जातो. "चौदाच मिनिटं तर आहेत" असं म्हणणाऱ्याला एक पूर्ण टूर्नामेंट खेळायला लावायची, दोन-तीन दिवसांत पाच-सहा मॅचेस, मग बोलू.

२०२३ चा शेवट

वर्ल्ड कप फ्रान्समधे होता, ड्यूपाँ कॅप्टन. २१ सप्टेंबरला मार्सेयमधे नामिबियाविरुद्धच्या मॅचमधे टॅकलमधे डोक्याला डोकं लागून त्याच्या गालाचं हाड मोडलं. मॅच फ्रान्सनं ९६-० अशी जिंकली, पण त्या रात्री स्कोअरबद्दल कोणी बोलत नव्हतं. ऑपरेशन झालं आणि १५ ऑक्टोबरला क्वार्टर फायनलला तो डोक्यावर संरक्षक कॅप घालून उतरला. समोर साउथ आफ्रिका. फ्रान्स २८-२९ असा एका पॉइंटनं हरला.

या एका पॉइंटची गोष्ट आपल्या विषयात बरोब्बर बसते. पहिल्या हाफमधे फ्रान्सच्या थोमा रामोसची कन्व्हर्जन किक चेस्लिन कोल्बीनं धावत जाऊन अडवली. किकर हलला रे हलला की पळायचं आणि बॉल उडायच्या आत त्याच्या अंगावर पोचायचं, हे फिफ्टीन्समधे फारसं कोणी मनावरच घेत नाही, करायचं म्हणून चार पावलं पळतात आणि थांबतात. कोल्बी पोचला. हा गडी सेव्हन्समधून आलेला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचं ब्राँझ त्याच्याकडे आहे, आणि २०१७ ते २०२१ तो तुलूझला, ड्यूपाँच्याच क्लबमधे होता. मी पोरांना ड्यूपाँच्या आधी ती एक धाव दाखवतो.

नोव्हेंबरमधे जाहीर झालं की ड्यूपाँ पॅरिस ऑलिंपिकसाठी सेव्हन्स खेळणार, आणि म्हणून २०२४ ची सिक्स नेशन्स खेळणार नाही.

काय सोडलं

सिक्स नेशन्स सोडणं म्हणजे काय हे क्रिकेटवाल्यांना चटकन कळत नाही. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमधे इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, इटली एकमेकांशी खेळतात, युरोपात याच्या वर काही नाही. (त्यातल्या इंग्लंड-स्कॉटलंड मॅचला जो कलकत्ता कप देतात तो कलकत्त्याचा क्लब बंद करताना बँकेतले चांदीचे रुपये वितळवून बनवलाय. रग्बीत आपला एवढा एक वाटा आहेच.) देशाचा कॅप्टन असताना, घरच्या वर्ल्ड कपमधे एका पॉइंटनं हरून बाहेर पडल्यावर, पुढच्याच स्पर्धेला नाही म्हणायचं.

त्याची किंमत टीमनं मोजली. ड्यूपाँशिवाय पहिल्याच मॅचला आयर्लंडनं मार्सेयमधे १७-३८ असं धुतलं. इटलीशी १३-१३ अशी बरोबरी झाली. पुढे टीम सावरली, वेल्स आणि इंग्लंडला हरवून दुसऱ्या नंबरवर आली, पण तोपर्यंत टीका करायची ती करून झाली होती. हेड कोच फाबियाँ गाल्तिए, क्लबचा कोच उगो मोला आणि सेव्हन्सचा कोच जेरोम दारे, अशा तिघांना एकच माणूस हवा होता, आणि मला विचाराल तर या प्रकरणातली सगळ्यात अवघड कामगिरी मैदानावरची नाहीच, या तिघांना आणि फेडरेशन-क्लबला एका कॅलेंडरवर आणणं ही आहे. एकजण जरी अडून बसला असता तरी गाडी पहिल्या स्टेशनातच अडकली असती.

आता सेव्हन्समधे काय सोडलं ते बघा. वर्ल्ड सिरीजच्या त्या सीझनला आठ टूर्नामेंट होत्या, दुबईपासून माद्रिदपर्यंत. ड्यूपाँ तीन खेळला. फेब्रुवारीच्या शेवटी व्हॅन्कुव्हर, लगेच पुढच्या आठवड्यात लॉस एंजलिस, आणि सीझनच्या टोकाला माद्रिद. व्हॅन्कुव्हरला फ्रान्स तिसरा आला. लॉस एंजलिसला फायनलमधे ग्रेट ब्रिटनला २१-० असं हरवून जिंकला, आणि फ्रान्सच्या पुरुषांनी २००५ नंतर सिरीजची एकही टूर्नामेंट जिंकलेली नव्हती. म्हणजे हा पठ्ठ्या आला आणि दुसऱ्याच आठवड्यात एकोणीस वर्षांचा दुष्काळ संपला. पण बाकीची टीम वर्षानुवर्षं सेव्हन्सच खेळणारी होती, फेडरेशनच्या करारावरची, रोज एकत्र सराव करणारी. कॅप्टन पोलाँ रिव्हाच राहिला. ड्यूपाँ तयार टीममधे येऊन बसला, टीम त्याच्याभोवती नव्यानं रचली नाही. हे पोरांना सांगितलं की त्यांचं तोंड पडतं.

मे ते जुलै

इथे थोडं सावकाश वाचा. २५ मे २०२४, लंडनमधे चॅम्पियन्स कप (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) फायनल, तुलूझ विरुद्ध आयर्लंडचं लेन्स्टर, एक्स्ट्रा टाइममधे गेलेली मॅच, तुलूझ ३१-२२. ड्यूपाँ मॅन ऑफ द मॅच. पुढच्याच वीकेंडला माद्रिद, सेव्हन्स, फायनलमधे अर्जेंटिनाला १९-५. मग परत तुलूझ, आणि २८ जूनला मार्सेयमधे टॉप १४ ची फायनल, बोर्दोला ५९-३ (ही फायनल एरवी पॅरिसला असते, पण स्ताद द फ्रान्स ऑलिंपिकसाठी अडकलेलं होतं). आणि २४ जुलैला त्याच स्ताद द फ्रान्सवर ऑलिंपिकची पहिली मॅच.

फिटनेसवाल्याच्या नजरेनं बघितलं तर हे अंगावर काटा आणणारं आहे. ऐंशी-शंभर मिनिटांच्या तयारीचं शरीर आठवड्यात चौदा मिनिटांच्या स्फोटांसाठी वळवायचं, परत उलट, परत सुलट. फिफ्टीन्सचा स्क्रम-हाफ एका मॅचमधे किती वेळा खाली वाकून पास काढतो ते मोजा एकदा, कंबर आणि मांड्या तिथेच जातात. सेव्हन्समधे त्यापेक्षा पूर्ण वेगाची धाव आणि लगेच ब्रेक मारणं जास्त, आणि हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) नेमकी पूर्ण वेगात पळताना बोंब मारते. टॉप १४ फायनल आणि ऑलिंपिक यांच्यामधे साधारण चार आठवडे मिळाले, त्या काळात फ्रान्सची पंधराची टीम अर्जेंटिनाच्या दौऱ्यावर होती, तिथेही हा गेला नाही. सोडलेल्या गोष्टींच्या यादीत हेही धरा.

ऑलिंपिकची सुरुवात काही थाटात झाली नाही. अमेरिकेशी १२-१२, उरुग्वेला १९-१२, फिजीकडून १२-१९ असा पराभव. क्वार्टर फायनलला अर्जेंटिना २६-१४, सेमीला साउथ आफ्रिका १९-५. २७ जुलैला फायनल, पुन्हा फिजी. फिजी म्हणजे रिओ आणि टोकियो दोन्हीचं गोल्ड, आणि ऑलिंपिकमधे तोपर्यंत एकही मॅच न हरलेली टीम.

पहिल्या हाफमधे ड्यूपाँ बेंचवर होता. जगातला सगळ्यात महागडा हुकमाचा पत्ता घरच्या ऑलिंपिक फायनलमधे सात मिनिटं बाहेर बसवायला कोचची छाती लागते, आणि बसायला खेळाडूचं डोकं शांत लागतं. हाफ टाइमला ७-७. मग तो आत आला आणि आल्या आल्या डावीकडच्या लाइनला धरून सुटला, फिजीवाले तोपर्यंत सात मिनिटं पळून दमलेले, हा ताजा, त्यानं आरों ग्रांदिदिए न्कानांगला बॉल दिला आणि ट्राय. नंतरचे दोन ट्राय त्यानं स्वतः मारले. २८-७. फ्रान्सचं त्या ऑलिंपिकमधलं पहिलं गोल्ड.

माझ्या मते आख्ख्या प्रकरणाचं सार त्या बेंचमधे आहे. ताकद तेवढीच, पण मिनिटं कमी आणि ती नेमकी कधी वापरायची ते आधी ठरलेलं. वर्षभर जे कॅलेंडरचं केलं तेच एका मॅचमधे मिनिटांचं केलं.

नंतर त्याला लगेच क्लबच्या गाड्याला जुंपलं नाही, सुट्टी दिली. नोव्हेंबरमधे तो परत फ्रान्सचा कॅप्टन म्हणून उतरला, जपानला ५२-१२ आणि पुढच्या आठवड्यात न्यूझीलंडला ३०-२९ असं हरवलं. त्याच महिन्यात सेव्हन्सच्या वर्ल्ड प्लेयर ऑफ द इयरचा मान मिळाला, आणि फिफ्टीन्सचा २०२१ चा त्याच्याकडे आधीपासून होता.

मार्च २०२५ मधे डब्लिनला आयर्लंडविरुद्ध त्याचं एसीएल (गुडघ्यातला मुख्य लिगामेंट) तुटलं. "बघा, दोन्ही खेळला म्हणून" असं म्हणणारे लगेच निघालेच, पण ती दुखापत फिफ्टीन्सच्या मॅचमधे रकमधे (खाली पडलेल्या बॉलवरच्या झटापटीत) पायावर वजन येऊन झाली, ऑलिंपिक होऊन सात महिने उलटले होते. त्याचं खापर सेव्हन्सवर फोडण्यात अर्थ नाही.

ज्यांना जमलं नाही

एकट्या ड्यूपाँवरून नियम काढला तर फसगत होते, म्हणून बाकीचे बघू. मायकल हूपर, ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन राहिलेला, १२५ टेस्ट (देशांमधल्या मॅचेस) खेळलेला फ्लँकर, म्हणजे स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड. २०२३ च्या वर्ल्ड कप टीममधून वगळल्यावर त्यानं पॅरिससाठी सेव्हन्स धरलं, मनापासून धरलं, पण मधे दुखापती आल्या आणि अंतिम टीममधे नाव नव्हतं. ब्रायन हबाना, ज्याच्या वेगाचे किस्से सांगतात, टेस्टमधे ६७ ट्राय, त्यालाही रिओसाठी साउथ आफ्रिकेच्या टीममधे जागा मिळाली नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वेड कूपरचं रिओच्याच वेळी तेच झालं. आणि सॉनी बिल विल्यम्स तर रिओला पोचला, न्यूझीलंडकडून पहिल्याच मॅचला उतरला, टाचेमागची अकिलिस शीर गेली आणि ऑलिंपिक तिथेच संपलं. त्या मॅचमधे जपाननं न्यूझीलंडला १४-१२ असं हरवलं, हे वेगळं.

उलट्या दिशेला मात्र रस्ता चांगला रुंद आहे. कोल्बी आलाच वर, सेव्हन्सचं ब्राँझ आणि नंतर फिफ्टीन्सचे दोन वर्ल्ड कप, २०१९ आणि २०२३. फिजीचा लिओनी नाकारावा रिओचं गोल्ड घेऊन फ्रान्सच्या रासिंग ९२ कडे गेला आणि २०१८ ला युरोपचा प्लेयर ऑफ द इयर झाला, आणि हा काही चपळ विंगर नव्हे, चांगला ताडमाड लॉक, म्हणजे स्क्रमच्या मधला उंच फॉरवर्ड. रिओचाच जोसुआ तुइसोवा फ्रान्सच्या क्लबांत नाव काढून २०२३ च्या वर्ल्ड कपमधे फिजीकडून खेळला. न्यूझीलंडच्या पोर्शिया वुडमननं तर ऑलिंपिकचं सिल्व्हर, दोन गोल्ड आणि फिफ्टीन्सचे दोन वर्ल्ड कप असं सगळंच गोळा केलं. अमेरिकेची इलोना माहर पॅरिसचं ब्राँझ घेऊन २०२५ ला ब्रिस्टलला क्लब फिफ्टीन्स खेळायला गेली आणि त्याच वर्षी वर्ल्ड कपही खेळली.

यातून मला दिसतं ते असं की लहान वयात सेव्हन्स खेळून पळणं, एकट्यानं टॅकल करणं, मोकळ्या जागेत पास देणं एकदा अंगात मुरलं की फिफ्टीन्सचं वजन आणि डावपेच वर चढवता येतात. पण तिशी गाठलेल्या, पंधराच्या खेळात घट्ट बसलेल्या शरीराला परत सेव्हन्सच्या वेगावर आणणं, तेही एका सीझनमधे, फार कमी जणांना झेपतं. ड्यूपाँ त्यावेळी २७ वर्षांचा होता आणि स्क्रम-हाफ होता, म्हणजे मुळात बॉलच्या मागे सतत पळणारा माणूस. हूपर बत्तीसचा.

कळव्याचं प्रकरण

आता आमच्याकडचं. पोरगा १९ वर्षांचा, कळव्याचा, कॉलेजला दुसऱ्या वर्षाला. कबड्डीतून आलेला, म्हणून टॅकल एकदम खालून आणि कडक, आणि पायात पकड. नऊ नंबर खेळतो, ड्यूपाँचीच जागा, त्यामुळे मोबाइलच्या वॉलपेपरपासून हेअरकटपर्यंत सगळं ठरलेलंच. वजन ६८ किलो. एकाच सीझनमधे उजवी हॅमस्ट्रिंग दोनदा खेचली आणि घोटा एकदा मुरगळला.

हा काय काय खेळत होता ते एका कागदावर उतरवलं तेव्हा चित्र स्पष्ट झालं. कॉलेजचं सेव्हन्स. क्लबचं सेव्हन्स. पावसाळ्यात क्लबचं फिफ्टीन्स, कारण मुंबईत रग्बी म्हणजे जुन्या काळापासून पावसाळा, बॉम्बे जिमखान्यापासून सगळीकडे चिखलातच खेळतात. आणि थंडीत गल्लीतल्या मंडळाची कबड्डी, कारण मंडळाला नाही म्हणता येत नाही. जुलैमधे शनिवारी फिफ्टीन्सची पूर्ण मॅच आणि रविवारी सकाळी सेव्हन्सच्या तीन मॅचेस, असे वीकेंड सलग गेले होते. कॉलेजच्या सरांना क्लबचं माहिती नाही, क्लबच्या कॅप्टनला मंडळाचं माहिती नाही, आणि मंडळाला कशाचंच काही पडलेलं नाही.

त्याचे बाबा वागळे इस्टेटमधे एका वर्कशॉपला आहेत, रग्बीचे नियम त्यांना माहिती नाहीत आणि ते तसं मोकळेपणानं सांगतात. ड्यूपाँची सगळी गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "सर, ते फ्रान्सचं ठीके, पण आमच्या पोरानं काय सोडायचं तेवढं सांगा, सगळं तर त्याला झेपत नाहीये."

मग हिशेब बसवला. आमच्याकडे जीपीएसचे जॅकेट वगैरे काही नाही. साधी पद्धत, प्रत्येक सराव किंवा मॅच झाली की अर्ध्या तासानं पोरानं १ ते १० मधे सांगायचं किती जड गेलं, त्याला मिनिटांनी गुणायचं. साठ मिनिटांचा सराव आणि ७ म्हणाला तर ४२०. आठवड्याची बेरीज करायची, आणि एखाद्या आठवड्याचा आकडा आधीच्या आठवड्यांपेक्षा एकदम उडाला की लाल पेन. जगभर वापरतात ही पद्धत, खर्च एका वहीचा. फक्त सेव्हन्सच्या टूर्नामेंटला ती फसवते. तीन मॅचेस म्हणजे कागदावर ४२ मिनिटं, पण पोरगा सकाळी साडेसातला मैदानावर असतो आणि संध्याकाळी घरी जातो, मधे तीनदा वॉर्म-अप, तीनदा अंग थंड पडणं, दोन मॅचच्या मधे वडापाव (हे बंद करायला जीव गेला, आता केळी आणि चटणी-सँडविच). म्हणून टूर्नामेंटच्या दिवशी वॉर्म-अपसकट सगळी मिनिटं धरायला लावली. तसं केल्यावर जुलैतले ते वीकेंड लालच लाल दिसायला लागले, आणि दोन्ही वेळा हॅमस्ट्रिंग त्याच्या पुढच्याच आठवड्यात गेलेली.

सोडायचं काय? भारतात या वयाच्या पोरासाठी दार सेव्हन्सचंच उघडं आहे. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा सेव्हन्सची, खेलो इंडिया सेव्हन्सचं, जून २०२५ ला अंधेरीत पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली तीही सेव्हन्सची, सहा टीम, चेन्नई बुल्स जिंकले, आपली पोरं ट्रेन बदलून बदलून बघायला गेली होती. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे त्यासाठीही अधिकृत स्पर्धेतली कामगिरी आणि तिचं पडताळलेलं प्रमाणपत्र लागतं, शनिवारच्या क्लब मॅचचा फोटो दाखवून काही होत नाही. बाबांना हे एका वाक्यात समजलं. पोराला समजायला वेळ लागला, कारण त्याला आवडतं फिफ्टीन्स, आणि आवडणं चुकीचं नाही, नऊ नंबरचं खरं राज्य तिथेच असतं.

म्हणून फिफ्टीन्स पूर्ण तोडलं नाही. ठरलं असं की पावसाळ्यात क्लबच्या मॅचला तो बेंचवर बसेल, दुसऱ्या हाफच्या शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांना आत जाईल, आणि दुसऱ्या दिवशी सेव्हन्स असेल तर तेही नाही. कबड्डी बंद. यावर मंडळाची माणसं घरापर्यंत आली होती, "रग्बीत कोण बघतंय रे तुला" वगैरे, आणि आईनंच त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. क्लबचा कॅप्टन पहिल्यांदा फुगला, पण शेवटच्या वीस मिनिटांत ताजा नऊ नंबर आला की दमलेल्या फॉरवर्ड्सची काय त्रेधा उडते ते दोन मॅचमधे बघितल्यावर स्वतःच म्हणाला की याला पहिल्या हाफला मागितला तरी देऊ नका. कॉलेजचे सर, कॅप्टन आणि मी असा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केलाय, सर त्यात फक्त अंगठा दाखवतात, पण निदान वाचतात.

वजन वाढवायचं का, हा वाद अजून चालू आहे. जिमवाले म्हणतात ७५ कर. मी म्हणतो दोन वर्षं सेव्हन्सचाच वेग आणि मांडीच्या मागची ताकद, नॉर्डिक कर्ल (गुडघ्यावर बसून अंग सावकाश पुढे सोडायचा व्यायाम) आठवड्यातून दोनदा, पूर्ण वेगाच्या धावा आठवड्यातून एकदा तरी न चुकता, कारण पूर्ण वेग सरावात आलाच नाही तर तो थेट मॅचमधे येतो आणि तिथे फाटतं. किलो नंतर चढवता येतील.

या सीझनला हॅमस्ट्रिंग गेलेली नाही. घोटा पट्टी बांधून चालतोय. जिल्ह्याच्या टीममधे आला, राज्याच्या कॅम्पला नाव होतं पण अंतिम बारामधे नाही आलं, त्याच्या जागी घेतलेला पोरगा दोन वर्षांनी मोठा आहे आणि ड्रॉप-किक याच्यापेक्षा बरी मारतो. त्यामुळे सध्या सरावानंतर मैदान रिकामं झालं की पंचवीस ड्रॉप-किक डाव्या पायानं, पंचवीस उजव्या, आणि त्या मात्र वहीच्या हिशेबात धरत नाही.